मुंबईची वीज आणि हवामानाचा हिशेब

आजच्या भाषणाचा विषय मुंबईचा आहे, पण तो मी मुद्दाम खेड्यातल्या शेतकरी बंधुभगिनींसमोर आणि शाळेतल्या गुरुजनांसमोर मांडतो आहे. आता तुम्ही म्हणाल, मुंबईने आपले दिवे कसे लावावेत, गाड्या कशा चालवाव्यात, हा त्या शहराचा प्रश्न. आम्हांला त्याचे काय? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर त्यापासूनच सुरू करू.

मुंबईत जो दिवा लागतो, त्याची वीज बव्हंशी मुंबईत तयार होत नाही. ती बाहेरून येते, आणि 'बाहेर' म्हणजे तुमच्याआमच्या गावांतून, डोंगरांतून आणि खाणींतून येते. ही गोष्ट आजकालची नाही, शंभराहून अधिक वर्षांची आहे. पूर्वी मुंबईच्या कापडगिरण्या आपापल्या बॉयलरांत कोळसा जाळीत, आणि सारी गिरणगावाची हवा धुराने काळी होई. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात तळी बांधली, त्यांचे पाणी मोठाल्या नळांतून घाटाखाली सोडले आणि १९१५ साली खोपोलीला वीज निर्माण झाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. मुंबईचा धूर कमी झाला, हे खरे. पण भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण झाले आणि मावळातली पन्नासच्या आसपास गावे पाण्याखाली गेली. १९२१ साली सेनापती बापट आणि मावळे शेतकरी यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तो तीन वर्षे चालला. धरण अखेर झालेच. मुंबईच्या विजेचा पहिला मोठा हिशेब असा मावळच्या भातखाचरांतून चुकता झाला.

पाण्याची वीज पुढे पुरेनाशी झाली. १९५६ पासून ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र चालू झाले, १९९५ मध्ये डहाणूला कोळशावरचे केंद्र आले. आज मुंबईच्या काही भागाला बेस्ट वीज पुरवते, काही भागाला खाजगी कंपन्या पुरवतात, आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरणची वीज आहे. तारांच्या जाळ्यातून, म्हणजे ग्रिडमधून, चंद्रपूर-कोराडीची वीजही राज्यभर फिरते. या साऱ्या विजेत कोळशाचा वाटा फार मोठा आहे. कोळसा जळतो विदर्भात, राखही विदर्भातच राहते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बांध फुटला, तेव्हा राखेचा गाळ आसपासच्या शेतांत आणि ओढ्यांत पसरला. शहरातला दिवा आणि खेड्यातले शेत यांचा संबंध किती जवळचा आहे, ते अशा वेळी कळते.

म्हणून मुंबईने वीज कमी खर्चात वापरायची ठरवली, तर ती खेड्यांच्याही कामाची गोष्ट आहे. आणि मुंबईने तसे ठरवले आहे, निदान कागदावर तरी. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई 'सी-चाळीस' या जगातल्या मोठ्या शहरांच्या संघात सामील झाली. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेने 'मुंबई वातावरण कृती आराखडा' जाहीर केला. या आराखड्यात काय आहे, ते कसे चालते आणि त्यात कुठे उणे आहे, ते आता क्रमाने पाहू.

पण त्याआधी दोन-तीन शब्द नीट समजून घेतले पाहिजेत, नाहीतर पुढचा हिशेब लागायचा नाही.

पहिला शब्द 'युनिट'. वीजबिलावर आपण तो नेहमी वाचतो. एक हजार वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला तरी एकच युनिट. हे एक युनिट कोळशापासून करायचे तर साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. त्या कोळशात जी उष्णता असते तिच्यातली जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते, बाकीची धुराड्यातून आणि गार करण्याच्या पाण्यातून निघून जाते. मग ती वीज तारांतून येताना आणखी काही गळती होते. आपल्या कालव्यासारखेच आहे हे. धरणातून सोडलेले सारे पाणी शेताच्या टोकाला पोचत नाही. वाटेत पाझरते, उन्हाने उडते. म्हणून टोकाच्या शेतकऱ्याने एक घागर पाणी वाचवले, तर धरणात एका घागरीहून जास्त पाणी वाचते. विजेचे तसेच आहे. घरात एक युनिट वाचले, की वीजकेंद्रात एका युनिटाहून जास्त वाचते.

दुसरा शब्द 'कार्यक्षमता'. काटकसर आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. गरज नसताना दिवा मालवणे ही काटकसर. तेवढाच उजेड कमी विजेत पाडणे ही कार्यक्षमता. पाटाने पाणी देण्याऐवजी ठिबक बसवले, की पीक तेवढेच येते आणि पाणी कमी लागते. ती झाली पाण्याची कार्यक्षमता. साठ वॅटचा जुना तारेचा दिवा जेवढा उजेड देई, तेवढा आजचा नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. दिवा रोज पाच तास जळतो असे धरा. जुना दिवा वर्षाला एकशे नऊ युनिटे खाई, नवा साडेसोळाच्या आत भागवतो. एका दिव्यामागे वर्षाला ९३ युनिटे वाचली, आणि घरात अंधार काही झाला नाही.

तिसरी गोष्ट कर्बवायूची. कोळसा, रॉकेल, डिझेल, लाकूड काहीही जाळले की त्यातला कर्ब हवेतल्या प्राणवायूशी मिळून कार्बन डाय-ऑक्साइड हा वायू होतो. आपण त्याला थोडक्यात कर्बवायू म्हणू. गुरुजींना वर्गात सांगता येईल की बारा भाग कर्ब बत्तीस भाग प्राणवायूशी मिळाला की चव्वेचाळीस भाग कर्बवायू होतो. म्हणूनच पाऊण किलोच्या आतल्या कोळशापासून जवळजवळ एक किलो कर्बवायू निघतो. हा वायू आकाशात गोधडीसारखा पसरतो. सूर्याची उष्णता आत येऊ देतो, पण जमिनीची उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. गोधडी जाड झाली, म्हणून पृथ्वी तापू लागली. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. मग पाऊस पडतो तेव्हा धोधो पडतो, आणि मधला खंड लांबतो. खरिपाच्या पेरण्या दोनदा करण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

मुंबईला या गोष्टीची जाणीव २६ जुलै २००५ रोजी झाली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गंमत अशी की त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याला, ७३ मिलिमीटरच पडला. मिठी नदी घरांत शिरली, शेकडो माणसे दगावली. एकाच पावसावर बोट ठेवून 'हा हवामानबदलाचाच' असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. पण असे दिवस पुढे वाढतील, हे ते स्पष्ट सांगतात. समुद्रकाठी भराव घालून वसलेल्या शहराने हे सांगणे मनावर घेणे भागच होते.

आता आराखड्याकडे वळू. कोणताही शहाणा संसारी माणूस खर्च कमी करण्याआधी खर्चाची वही लिहितो. मुंबईने तेच केले. २०१९ साली शहराने किती कर्बवायू आणि तत्सम वायू सोडले, याची मोजदाद केली. ती निघाली सुमारे २ कोटी ३४ लाख टन, म्हणजे माणशी १.८ टन. यातला सुमारे ७२ टक्के वाटा घरे, दुकाने, कचेऱ्या आणि कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या विजेचा व इंधनाचा. सुमारे २० टक्के वाहनांचा. उरलेला सुमारे ८ टक्के कचऱ्याचा. आपल्याला वाटते, शहराचा धूर म्हणजे मोटारींचा धूर. वही सांगते की मोठा धूर दिव्यांचा, पंख्यांचा आणि वातानुकूलनाचा आहे. फक्त तो शहरात दिसत नाही, कारण त्याचे धुराडे दुसऱ्यांच्या गावात आहे.

या वहीवरून मुंबईने उद्दिष्ट ठरवले. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के घट, २०४० पर्यंत ४४ टक्के, आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य. निव्वळ शून्य म्हणजे एकही चूल पेटायची नाही असे नव्हे. जेवढा वायू सुटेल तेवढा झाडांनी किंवा अन्य उपायांनी परत शोषला जावा, जमाखर्चाची बाकी शून्य यावी, असा त्याचा अर्थ. कामाचे सहा विभाग पाडले आहेत: इमारतींतील ऊर्जा, वाहतूक, कचरा, हिरवाई व जैवविविधता, हवेची शुद्धता, आणि पूर व पाणी. सगळ्यांवर आज बोलणे शक्य नाही. ज्यांत वीज आणि इंधनाचा प्रश्न थेट येतो, तेवढेच घेऊ.

पहिली गोष्ट इमारतींची. मुंबईत दमट उकाडा. पंख्यावाचून भागत नाही. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, नवा ब्रशविना मोटरचा पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज बारा तास पंखा चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिटे वाचतात. पण वातानुकूलन यंत्राचा, म्हणजे एसीचा, खर्च याहून फार मोठा. हे यंत्र चालते कसे? पुष्कळांना वाटते, ते थंडी निर्माण करते. तसे नाही. ते एक पंप आहे. विहिरीतले पाणी जसे पंप वर उपसतो, तसा एसी घरातली उष्णता उपसून बाहेर टाकतो. आता विहीर जितकी खोल, तितकी वीज जास्त. बाहेर ३४ अंश असताना आत २४ ठेवणे ही उथळ विहीर, १८ ठेवणे ही खोल विहीर. एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. याच कारणाने २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसींना २४ अंशांची मूळ जोडणी सक्तीची झाली. यंत्रावरच्या ताऱ्यांच्या चिठ्ठ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या २००६ पासून आहेत. तारे जास्त तर वीज कमी, एवढा साधा अर्थ.

पण उपसलेली उष्णता जाते कुठे? ती गल्लीत जाते. आणि गल्लीत कोण राहतो? २०११ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईतल्या दर पाच माणसांपैकी सुमारे दोन माणसे झोपडवस्तीत राहतात. त्यांच्या डोक्यावर पत्रा आहे. पत्रा दिवसभर तापतो आणि खालच्या खोलीची भट्टी करतो. खेड्यातून पोटासाठी मुंबईला गेलेली आपलीच माणसे त्या खोलीत असतात. गावच्या कौलारू घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, मे महिन्यातही दुपारची झोप लागते. ती तिथे लागत नाही. मुंबईचे तापमान १९७३ ते २०२० या काळात दर दहा वर्षांला पाव अंशाच्या गतीने चढत गेले, असे आराखड्यातच नोंदले आहे. तेव्हा गार छपरांचा उपाय केवळ विजेच्या बचतीचा उरत नाही, तो आरोग्याचा होतो. छपरावर पांढरा, ऊन परतवणारा रंग किंवा साधा चुना दिला तरी घर काही अंशांनी निवते. अहमदाबाद शहराने २०१३ पासून उष्णतेविरुद्ध जी योजना राबवली, तीत पुढे गरिबांच्या छपरांना असा पांढरा रंग देण्यात आला. आपल्या गावातल्या पत्र्याच्या शाळाखोलीला हाच उपाय करून पाहण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. या बाबतीत मुंबईचे जुने पुण्य मोठे आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी धावली. तेव्हापासून लोकलने जेवढी माणसे जितक्या थोड्या इंधनात नेली, तेवढी मोटारींनी नेणे कधीच शक्य झाले नसते. माणशी १.८ टन हा आकडा एवढ्या श्रीमंत शहराला कमी वाटतो, त्यात लोकलचा हात मोठा आहे. या लोकलमध्येही दोन मोठ्या सुधारणा झाल्या. एक म्हणजे तारेतला दाब दीड हजार व्होल्टवरून पंचवीस हजार व्होल्टवर नेला. हे काम २०१६ पर्यंत पुरे झाले. दाब वाढला की तेवढीच शक्ती न्यायला प्रवाह सोळा-सतरापट कमी लागतो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. विज्ञानाच्या शिक्षकांना हे उदाहरण वर्गात उपयोगी पडेल. दुसरी सुधारणा ब्रेकची. २००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांत ब्रेक लावला की मोटर जनित्रासारखी फिरते आणि वीज तारेत परत जाते. पूर्वी ती शक्ती ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन वाया जाई. मुंबईची गाडी दर दोन-तीन मिनिटांनी थांबते, म्हणून हा लाभ तिथे विशेष.

बेस्टने विजेवर चालणाऱ्या बसगाड्या आणल्या, २०२३ पासून दुमजली विजेच्या गाड्याही रस्त्यावर आल्या. २०१४ पासून मेट्रो सुरू झाली आणि तिचे मार्ग वाढत आहेत. मात्र याच काळात बेस्टच्या एकूण गाड्या घटल्या. एकेकाळी त्या चार हजारांहून अधिक होत्या. गाडी वेळेवर येत नाही म्हटल्यावर माणूस रिक्षा करतो, फटफटी घेतो. दहा विजेच्या बसगाड्या आणल्या आणि वीस जुन्या मोडीत काढल्या, तर हिशेबात बचत कशी दिसावी?

तिसरी गोष्ट पाण्याची. मुंबई सात तलावांचे पाणी पिते. विहार व तुळशी शहरातच आहेत. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा व भातसा हे ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतले. तानसा-वैतरणेचे पाणी बरेचसे उतारानेच शहराकडे येते, त्याला वीज नगण्य लागते. जुन्या अभियंत्यांच्या शहाणपणाचा तो नमुना आहे. भातसाचे पाणी मात्र पिसे येथे पंपांनी उचलावे लागते. म्हणजे शहरात नळ गळला की त्याबरोबर वीजही गळते. गळती थांबवणे हे पाणीखात्याचे काम वाटते, पण ते विजेचेही काम आहे, आणि शहापूर तालुक्यात ज्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्यांच्या दृष्टीने ते न्यायाचेही आहे.

चौथी गोष्ट कचऱ्याची. मुंबईत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. ओला कचरा ढिगात दाबला गेला की आत हवा पोचत नाही, आणि तो कुजून मिथेन वायू सुटतो. हा वायू तुमच्या परिचयाचा आहे. गोबरगॅसच्या टाकीत तोच असतो. टाकीत धरला तर त्यावर भाकरी भाजते. मोकळा सोडला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीसपट उष्णता धरतो. देवनारला जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली, धूर शहरभर पसरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. यावर उपाय तोच, ओले-सुके वेगळे करणे आणि ओल्याची गॅसची टाकी करणे. भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेली 'निसर्गऋण' संयंत्रे याच तत्त्वावर चालतात. २०२२ मध्ये हाजीअलीजवळ खाण्याच्या ओल्या कचऱ्यापासून वीज करून तिच्यावर मोटारी भारण्याचे केंद्र सुरू झाले. केंद्र लहान आहे, पण कचऱ्याची वीज होते हे रस्त्यावरच्या माणसाला दिसले.

या सगळ्या कामांना पैसा लागतो. म्हणून महानगरपालिकेने २०२४ मध्ये स्वतंत्र 'हवामान अंदाजपत्रक' प्रसिद्ध केले. नॉर्वेची राजधानी ऑस्लो हिने ही रीत आधी पाडली. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात आपण रस्ता किती, दिवाबत्ती किती, असे मांडतो. हवामान अंदाजपत्रकात त्या प्रत्येक कामाने हवेत जाणारा वायू किती कमी होणार, पुरापासून किती बचाव होणार, हेही विचारले जाते. प्रश्न विचारण्याची सवय लागणे, हा त्याचा मुख्य फायदा.

आता उणे बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण जाहिरात ठरेल. उद्दिष्टांकडे पुन्हा पाहा. २०४० पर्यंत ४४ टक्के घट, म्हणजे अठरा वर्षांत निम्म्याहून कमी वाट चालायची. उरलेला ५६ टक्क्यांचा घाट शेवटच्या दहा वर्षांत चढायचा. बैल दमल्यावर गाडी घाटाला जुंपण्यासारखे हे झाले. दुसरे असे, की महानगरपालिकेच्या हातात रस्ते, पाणी, कचरा, स्वतःच्या इमारती हे आहे. पण वीज कोळशाची की उन्हाची, हे ठरवणे तिच्या एकटीच्या हातात नाही. ते वीज कंपन्या, राज्य आणि केंद्र यांच्याकडे आहे. बाहेरची वीज शहरात आणणाऱ्या तारांनाही मर्यादा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड बिघडले, तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई काही तास विजेवाचून बसली. तारांची क्षमता तोकडी असेल, तर बाहेर उन्हाची वीज कितीही झाली तरी ती आत येणार कशी?

तिसरी अडचण माणसाच्या व्यवहाराची आहे. घरमालक स्वस्त पंखा बसवतो, बिल भाडेकरू भरतो. मग महाग पण कमी वीज खाणारा पंखा मालक का घेईल? बांधकाम करणारा काचेची उंच इमारत उभी करून विकून मोकळा होतो. काचेतून ऊन आत येते आणि पुढची पन्नास वर्षे एसीचे बिल राहणारा भरतो. ज्याने पैसे घालायचे आणि ज्याला बचत मिळायची, ती माणसे वेगळी असली की काम अडते. उपदेशाने ही गाठ सुटत नाही. तिला नियम लागतो, किंवा घाऊक खरेदी लागते. एलईडी दिव्यांचे उदाहरण घ्या. २०१४ साली सरकारला तो घाऊक भावानेही तीनशे रुपयांच्या वर पडे. २०१५ पासून 'उजाला' योजनेत कोट्यवधींनी खरेदी झाली आणि दोन वर्षांच्या आत खरेदीचा भाव चाळीस रुपयांच्या आत आला. भाव उतरल्यावर गरिबानेही तो घेतला. शहरांनी पंख्यांचे असेच केले, तर त्याचा फायदा खेड्यालाही होईल.

आता खेड्याने काय करावे? महाराष्ट्र शासनाचे 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू झाले. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पंचमहाभूतांवर ते बेतले आहे आणि त्यात ग्रामपंचायतींनाही भाग घेता येतो. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी हे २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले. मुंबईपाशी पैसा आहे, पण मोकळी छपरे थोडी आणि माणसे फार. आपल्याकडे ऊनही आहे आणि छपरेही आहेत.

शेतकरी बंधूंनी आपल्या पंपाकडे पाहावे. गळका फूटव्हॉल्व्ह, गरजेहून अरुंद पाइप, वाटेतली नको तेवढी वळणे आणि बंद पडलेला कपॅसिटर, या चार गोष्टी वीज खातात आणि मोटर जाळतात. पाइप रुंद केला की पाण्याचे घर्षण कमी होते, तेवढेच पाणी कमी वेळात वर येते. पाणी कमी उपसले, म्हणजे ठिबक केले, तर वीज आपोआप वाचते. मोटरीचा ऑटोस्विच वीज आली की पंप चालू करतो, मग रात्रभर पाणी शेतातून ओढ्याला जाते. ते पाणीही गेले आणि वीजही गेली.

गुरुजनांना एक विनंती. मुंबईने पहिले काम केले ते वही लिहिण्याचे. तुमच्या शाळेतही ते करता येईल. सोमवारी सकाळी शाळेच्या मीटरचा आकडा फळ्यावर लिहा, शनिवारी पुन्हा लिहा. शाळेतले दिवे, पंखे, पाण्याची मोटर यांची यादी मुलांकडून करून घ्या. प्रत्येकाचे वॅट त्याच्यावर लिहिलेले असतात. ते किती तास चालले हे मुलांनी नोंदवावे, गुणावे, हजाराने भागावे आणि मीटरशी ताडून पाहावे. जमले नाही तर वीज कुठे मुरते ते शोधावे. सातवीच्या मुलाला हे गणित येते. पुढच्या आठवड्यात तीच मुले आपल्या घरचा हिशेब मांडतील, आणि मग घरातल्या मोठ्यांना प्रश्न विचारतील.

मुंबईनेही लोकांच्या प्रश्नांची सवय ठेवली पाहिजे. २०३० ला आता फार वर्षे उरलेली नाहीत. ३० टक्के घट झाली की नाही, हे त्या वेळी वहीतच दिसेल. मावळच्या, डहाणूच्या आणि चंद्रपूरच्या माणसांनी त्या शहराच्या दिव्यासाठी पुष्कळ दिले आहे. ती वही उघडून दाखवा, असे विचारण्याचा हक्क मुंबईकरांइतकाच त्यांनाही आहे. आपण तो हक्क बजावावा, आणि आपलीही वही स्वच्छ ठेवावी.